शून्य पातळीवर

एकतीस वर्षं मी समुद्राची उंची लिहिली.
मुरगाव बंदरात, धक्क्याच्या कोपऱ्यात,
पाण्यात उभ्या पट्टीवर नजर ठेवून
दर तासाला एक आकडा.
डोंगर म्हणे समुद्रापासून मोजतात.
म्हणजे माझ्यापासून, असं मला वाटायचं,
आणि कुणी ते खोडून काढलं नाही.

आज बोगद्यावर, इस्मेनियाच्या तावेर्नात,
तिच्या तारवटी भाच्यानं आणलेली बाटली उघडली.
लेबल दमटीनं निम्मं सुटलेलं, भाषा स्पॅनिश,
आणि एका कोपऱ्यात
मला कुणी वाचून दाखवायला नको असा आकडा:
२३८० मी.

मी चष्मा पुसला.
बाटलीवर उंची लिहितात?
फेणीवर कधी कुणी लिहिलंय,
अमक्या सड्यावरचे काजू, इतके मीटर?

ऑस्विन सांगत होता:
तिथं ऊन जवळून पडतं. पोळतं.
म्हणून द्राक्ष आपली साल जाड करून घेतं,
काळं पडतं, खलाशाच्या मानेसारखं.
आणि रात्री अशी थंडी, की
दिवसा पिकायचं, रात्री थांबायचं.
घाई कुणालाच करता येत नाही.
पाऊस? तो विसराच, म्हणाला.
वरच्या बर्फाचं पाणी पाटानं येतं,
तेही मोजून.

मोजून, हा शब्द मला आवडला.

पेला दिव्यासमोर धरला.
उजेड पलीकडे गेला नाही.
आमच्या नोंदवहीतली शाई अशी असायची,
ओली असेपर्यंत.
पहिल्या घोटाला जिभेच्या कडा आवळल्या, जांभळानं आवळतात तशा.
मग थोडी मिरी.
मग काहीतरी कोरडं, तापल्या कातळाचं,
आणि खोटं नाही सांगत,
कानात दडे बसले.

अनमोड घाटात बसले होते, तसे.
एकोणऐंशी साल. मी चोवीसचा.
बेळगावला मुलाखत होती,
कुठल्याशा डोंगरावरच्या वेधशाळेत मदतनिसाची जागा.
निवड झाली. पत्र आलं.
पत्रात उंची दिली होती आणि खाली
'गरम कपडे सोबत आणावेत.'
मी स्वेटरसुद्धा विणून घेतला, बिटाच्या रंगाचा.
मग गेलो नाही.
कारणं होती. आता त्यातलं एकही
फारसं मोठं दिसत नाही,
तेव्हा मात्र ती दारात मावत नव्हती.
स्वेटर दोन पावसाळ्यांत बुरशीनं खाल्ला.

इस्मेनियानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
"गोडसाण ना रे हांतूंत!"
तिची जीभ पोर्ट वाइनवर वाढलेली,
नाताळात, केकाबरोबर, अंगठ्याएवढ्या पेल्यात.
इतकं वर चढून आंबटच व्हायचं,
तर खाली काय वाईट होतं, म्हणाली.

ऑस्विन हसला.
मी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं.
बोट लाल.
खनिजाची धूळ. बार्जांतून झुआरीनं उतरलेला डोंगर,
इतकी वर्षं माझ्या वह्यांवर,
जेवणाच्या डब्यात, भुवयांत बसलेला.
म्हणजे डोंगर येतच होते की माझ्याकडे,
फक्त असे, चुरा होऊन,
पुसून टाकण्याजोगे.

हा एक अख्खा आला.

तळाशी उरली ती इस्मेनियानं बूच लावून ठेवली.
उद्या मांसात घालीन म्हणाली, व्हिनेगार संपलंय.
मी काही बोललो नाही.
बाहेर ओहोटी लागली होती,
ते मला घड्याळ न बघता कळतं.
पेल्यावर नख टेकवून पातळी पाहिली,
सवयच ती:

सात वाजून दहा मिनिटं.
दोन बोटं.
उतरती.